स्टिअरिंग माझ्या हाती

“गाडी विकून टाक गं, उगाच धूळ खातेय,” सगळे सांगत होते. हे गेल्यावर वर्षभर मी गाडीवरचं कव्हर काढलंच नव्हतं. शेवटी पन्नाशीत ड्रायव्हिंगचा क्लास लावला.

पहिली फेरी डोंबिवलीहून ठाण्याच्या येऊरपर्यंत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही आपल्याकडची बाजू. धीर आला, तशी जाऊबाईंना शेजारी बसवून माथेरानचा रस्ता धरला. नेरळनंतरच्या चढावर गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ! जाऊबाईंनी देवाचा धावा सुरू केला. मी हँडब्रेक ओढला, गाडी पुन्हा सुरू केली, पहिला गिअर टाकला... आणि चढलो की हो!

माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्याला गाडी ठेवून पायीच निघालो. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट इथे चढून आले होते म्हणे. त्यांच्याइतकाच मलाही पराक्रम केल्यासारखं वाटत होतं!

आता पावसाळा सरला की माळशेज घाटातून जुन्नर, तिथून शेकरू बघायला भीमाशंकर.

परतताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, “मला जमेल का गं शिकायला?”

गाडी विकायचा विषय मात्र आता घरात कुणीच काढत नाही.