मर्यादा नेमकी कुठे घालायची?

भोर तालुक्यातली भाटघर आणि नीरा देवघर आणि वेल्ह्यातलं, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातलं, गुंजवणी. या तिन्ही धरणांतून सोडलेलं पाणी शेवटी खालच्या वीर धरणात येतं. तिन्हींची साठवण 23.50, 11.73 आणि 3.69 टीएमसी, वीरची अवघी 9.41. रात्री डेटा पाइपलाइन चालवणाऱ्या पुण्यातल्या मंडळींनी (त्यांत भोरची मुलंही आहेतच) हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवला, तर ही कामं ठरल्या वेळी सोडणाऱ्या अपाचे एअरफ्लोमधल्या मर्यादांबद्दलचे निम्मे गैरसमज दूर होतील.

गैरसमज : जितकी कामं एकदम सोडू, तितकं लवकर उरकेल.
सगळी साखळी सर्वांत अरुंद जागेच्या वेगाने चालते, आणि ती जागा बहुतेक वेळा डेटाबेस असते. पोस्टग्रेएसक्यूएल मुळात 100 जोडण्या स्वीकारतं, त्यातल्याही काही राखीव. एअरफ्लोचं 'पॅरलेलिझम', म्हणजे एका वेळी चालणाऱ्या टास्कची (कामांची) मर्यादा, मुळात 32 असतं. घाईत कुणी ते 200 करतं. मग डीफॉल्ट पूल (टास्कसाठीच्या सामायिक जागांचा, म्हणजे स्लॉटचा, साठा) 128 टास्कवर अडवतो खरा, पण डेटाबेसने त्याआधीच नकार दिलेला असतो. टास्क पडतात, रीट्रायला लागतात आणि तोच भार पुन्हा येऊन आदळतो.

गैरसमज : पॅरलेलिझमचा आकडा म्हणजे सगळ्यांवरची एकच कमाल मर्यादा.
ती मर्यादा दर शेड्यूलरमागे असते. दोन शेड्यूलर चालू असतील तर 32 चे 64 होतात.

गैरसमज : प्रत्येक डॅगला (एकमेकांना जोडलेल्या टास्कच्या साखळीला) मर्यादा घातली, आता काळजी नाही.
सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. भाटघरचे स्वयंचलित दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात. वीरमध्ये तेव्हा किती पाणी आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. डॅगवरची मर्यादा अशीच आपल्यापुरतं पाहते. एअरफ्लो 2 मध्ये ती मुळात 16 टास्कची. दोन शेड्यूलर चालू असताना एकाच डेटाबेसवर लिहिणारे तीन डॅग रात्री दोनला एकदम सुटले, तर प्रत्येक जण नियमात राहूनही 48 टास्क एका दारावर येतात.

यावर उपाय पूल. 'वीर' नावाचा 10 स्लॉटचा पूल करा आणि त्या डेटाबेसला हात लावणारं प्रत्येक टास्क, मग ते कुठल्याही डॅगमधलं असो, या पूलमध्ये टाका. एखादी क्वेरी जड असेल तर 'पूल स्लॉट्स' 3 ठेवा. ती एकटी तीन जागा अडवेल. रांगेत आधी कुणाला सोडायचं ते 'प्रायॉरिटी वेट'वर ठरतं. फाइल हलवणारी, मेल पाठवणारी टास्कं मात्र यात कोंबू नयेत. त्यांना विनाकारण ताटकळत ठेवून काय मिळणार?

गैरसमज : टास्क बराच वेळ 'शेड्यूल्ड' दिसतंय, म्हणजे अडकलंय.
पूल भरला की पुढची टास्कं 'शेड्यूल्ड'मध्येच थांबतात. मर्यादा काम करत असल्याची ती खूण आहे. तिथे क्लिअर करत बसण्यापेक्षा पूलचं पान उघडून किती स्लॉट रिकामे आहेत ते पाहावं.

गैरसमज : नुसती वाट पाहणारा सेन्सर जागा खात नाही.
खातो. 'पोक' पद्धतीतला सेन्सर फाइल येईपर्यंत वर्कर अडवून बसतो. 16 ची मर्यादा असलेल्या डॅगमध्ये असे 16 सेन्सर त्याच डॅगमधल्या टास्कच्या फाइलची वाट पाहत बसले, तर ती फाइल तयार करणाऱ्या टास्कला जागाच उरत नाही. सगळं ठप्प, आणि लॉगमध्ये एकही चूक नाही. 'रीशेड्यूल' पद्धत लावली की सेन्सर दोन तपासण्यांच्या मध्ये जागा सोडतो. दर काही मिनिटांनीच तपासायचं असेल, तर हीच पद्धत हवी.

तेव्हा काम रेंगाळलं म्हणून पॅरलेलिझम वाढवण्याआधी डेटाबेस सांभाळणाऱ्याला विचारा, एका वेळी किती जोडण्या झेपतात. पूलमध्ये स्लॉट त्याहून थोडे कमीच ठेवा.