पॅकेजाची आवृत्ति सांगणारें साधन व त्याचें माहितीपत्रक

हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांकडून संगणकाचे कार्यक्रम लिहवून घेण्याचा प्रघात पडला आहे. हीं यंत्रें, ज्यांस ‘एजंट’ म्हणतात, पुष्कळ अवघड कामें करितात. परंतु ‘अमुक पॅकेजाची सध्यांची आवृत्ति कोणती?’ या साध्या प्रश्नापाशीं तीं वारंवार अडखळतात. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पण त्याच्या चुकीच्या उत्तरापासून केवढा अनर्थ होतो व तो टाळण्यासाठीं काय योजना करितात, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पॅकेज म्हणजे काय तें पाहूं. घर बांधणारा गवंडी विटा स्वतः भाजीत नाहीं. तो त्या विकत आणतो. त्याचप्रमाणें कार्यक्रम लिहिणारा मनुष्य इतरांनीं तयार करून ठेविलेले भाग घेऊन त्यांवर आपली रचना उभारतो. या भागांस पॅकेज म्हणतात. त्यांचीं मोठीं सार्वजनिक भांडारें आहेत. पायथॉन भाषेसाठीं ‘पायपीआय’ हें भांडार २००३ सालीं, व जावास्क्रिप्टसाठीं ‘एनपीएम’ हें २०१० सालीं सुरू झालें.

प्रत्येक पॅकेजाच्या नव्या आवृत्तीस क्रमांक देतात. बहुतेक ठिकाणीं त्यांत तीन आंकडे असतात, उदाहरणार्थ, २.१४.१. सामान्य संकेत असा कीं, पहिला आंकडा बदलला तर नवी आवृत्ति जुन्या कामाशीं जुळेलच असें नाहीं. दुसरा बदलला तर कांहीं नवी सोय आली. व तिसरा बदलला तर केवळ दोष दुरुस्त झाला. विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हे दशांश अपूर्णांक नव्हत. गणितांत १.१० हें १.९ पेक्षां लहान. परंतु आवृत्तींत १.१० ही १.९ च्या नंतरची.

क्रमांक चुकल्यास काय होतें? डिसेंबर २०२१ मध्यें ‘लॉगफोरजे’ नांवाच्या पॅकेजांत असा दोष उघडकीस आला कीं, कोणीहि परका मनुष्य दूर बसून दुसऱ्याच्या संगणकाकडून आपल्या आज्ञा पाळवून घेऊं शके. २.१४.१ ही आवृत्ति सदोष होती. २.१५.० मध्यें दुरुस्ती झाली. तीहि अपुरी ठरून त्याच महिन्यांत २.१६.०, २.१७.० व २.१७.१ अशा आवृत्त्या काढाव्या लागल्या. त्या दिवसांत जो जुन्या क्रमांकावर विसंबला, त्याचें घर उघडें राहिलें.

आतां एजंटाची अडचण पाहा. त्याचें शिक्षण एका ठराविक दिवसापर्यंतच्या मजकुरावर झालेलें असतें. पुढें निघालेल्या आवृत्त्या त्यास ठाऊक नसतात. गतवर्षींचें रेल्वेचें वेळापत्रक पाठ करून बसलेला मनुष्य जसा आत्मविश्वासानें चुकीची वेळ सांगतो, तसाच हाहि सांगतो. कधीं तर तो अस्तित्वांत नसलेल्या पॅकेजाचें नांव सांगतो. आणि दुष्ट लोक तेंच नांव भांडारांत नोंदवून त्याखालीं घातक मजकूर ठेवूं शकतात.

यावर उपाय म्हणजे आवृत्ति शोधणारें साधन. एजंटानें भांडाराचें व पॅकेजाचें नांव द्यावें. साधनानें त्याच क्षणीं भांडारास विचारून उत्तर आणावें. अशीं साधनें एजंटास जोडण्याकरितां ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नांवाची एक सामाईक पद्धति अँथ्रॉपिक कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केली.

परंतु साधन केवळ असून भागत नाहीं. एजंटास साधनाचें अंतरंग दिसत नाहीं; त्याजबरोबर दिलेलें माहितीपत्रक वाचूनच तो त्याचा उपयोग करितो. म्हणून त्या माहितीपत्रकांत चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या पाहिजेत.

पहिली, साधन केव्हां वापरावें: कोणताहि क्रमांक लिहिण्यापूर्वीं, स्मरणावर विसंबून न राहतां. दुसरी, काय द्यावें: भांडाराचें नांव व पॅकेजाचें बिनचूक नांव. पायपीआयमधील ‘रिक्वेस्ट्स’ हें पॅकेज सर्वत्र वापरांत आहे. एनपीएममधील ‘रिक्वेस्ट’ मात्र २०२० सालीं त्याच्या कर्त्यांनींच कालबाह्य म्हणून जाहीर केलें. एका अक्षरानें केवढा फरक पडला! तिसरी, उत्तरांत काय मिळेल: ती आवृत्ति पक्की कीं प्रायोगिक, केव्हां निघाली, मागें घेतली गेली आहे काय. चौथी, उत्तर न मिळाल्यास काय समजावें. ‘असें पॅकेज नाहीं’ व ‘भांडारानें उत्तर दिलें नाहीं’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साधनानें नुसतें रिकामें उत्तर दिलें, तर ती रिकामी जागा एजंट आपल्या कल्पनेनें भरून काढण्याचा संभव फार.

शेवटीं एक इशारा. सर्वांत नवी आवृत्ति ती सर्वांत सुरक्षित, असें नव्हे. मार्च २०२४ मध्यें ‘एक्सझेड’ या पॅकेजाच्या ५.६.० व ५.६.१ या तेव्हांच्या नव्या आवृत्त्यांतच कोणी बुद्धिपुरस्सर चोरवाट ठेविली असल्याचें आढळलें. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें संगणकांत प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो एवढ्यावरून शोध घेतला, आणि चोरी पकडली. यास्तव माहितीपत्रकांत असेंहि लिहावें कीं, साधन ‘नवी कोणती’ एवढेंच सांगतें; ‘चांगली कोणती’ हें ठरविण्याचा भार विचारणाऱ्यावरच राहतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें अशीं साधनें रचतील, व पुष्कळ जण तीं वापरतील. त्या सर्वांस व त्यांच्या पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, जें पाहून खात्री करून घेतां येतें, तें आठवणीवर सोडूं नये. आणि जें सांपडलें नाहीं, तें सांपडलें नाहीं असें स्पष्ट सांगण्यास लाजूं नये. यंत्रास जी शिस्त आपण लावूं पाहतों, ती प्रथम आपल्या अंगीं असली पाहिजे.