बंडखोरांचं पत्रक वाचायचं कसं? आष्टी ते गडचिरोली



नेट किंवा पेटची तयारी करताना 'प्रोपगंडा' ही संज्ञा तुम्ही पाठ केलीच असेल. व्याख्या सगळ्यांना येते. पण एखाद्या सशस्त्र गटाचं खरंखुरं पत्रक समोर आलं तर त्याचं करायचं काय, हे फारसं कोणी शिकवत नाही. मी एम.एस्सी. करून या विषयाकडे वळले. त्यामुळे पहिल्या वर्षी माझा प्रश्न अगदी सरळ असायचा: यात लिहिलंय ते खरं की खोटं? हा प्रश्न विचारायचाच आहे, पण नंतर. त्याआधी चार प्रश्न विचारावे लागतात. हे कोणत्या वाटेनं आलं? कोणत्या पोकळीत आलं? कोणासाठी लिहिलं? आणि आपल्यापर्यंत टिकलं ते कोणामुळे? आज हे चारही प्रश्न आपण आपल्या भागातल्या उदाहरणांवरून समजून घेऊ. शेवटी पाचवा प्रश्न आहे. तो मला एका चुकीतून कळला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. खाली मी १९४२ चे भूमिगत कार्यकर्ते आणि आजचे माओवादी यांची उदाहरणं शेजारी शेजारी ठेवणार आहे. ही तुलना त्यांच्या माध्यमांची आहे, हेतूंची नाही. सत्तेच्या विरोधात उभ्या असलेल्या, उघडपणे छापू किंवा बोलू न शकणाऱ्या लोकांचा संदेश कसा फिरतो, एवढंच आपल्याला बघायचं आहे. संशोधनात असं वेगळं करून बघता यायला हवं.

पहिला प्रश्न: कोणत्या वाटेनं आलं?

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. काँग्रेस कार्यकारिणीनं १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात ठराव केला, ८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो'ची घोषणा झाली आणि ९ तारखेच्या पहाटेपासून नेते तुरुंगात गेले. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावकरी मेले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरमध्येही असंच घडलं. चिमूरमध्ये त्यानंतर लष्कर आलं आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या.

आता विचार करा, ही बातमी बाहेर कशी गेली असेल? 'हरिजन' बंद पडलं होतं, इतर वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत एक गुप्त रेडिओ सुरू झाला, तो म्हणजे काँग्रेस रेडिओ. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबुभाई खाखर हे सोबत होते, शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी यंत्रसामग्रीची मदत केली आणि राममनोहर लोहियांचं मार्गदर्शन होतं. आष्टी आणि चिमूरची हकीकत या रेडिओनं सविस्तर ऐकवली, असं उषाताईंनी पुढे सांगितलं आहे.

हे केंद्र ४२.३४ मीटरवर बोलायचं आणि आपला पत्ता 'भारतात कुठेतरी' एवढाच सांगायचं. ४२.३४ मीटर तरंगलांबी म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झ. या लघुलहरी अंधार पडल्यावर आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. पण त्याच लहरींच्या दिशेवरून प्रक्षेपण कुठून होतंय याचा माग काढता येतो. म्हणून ट्रान्समीटर मुंबईत एका घरातून दुसऱ्या घरात हलवावा लागे. शेवटी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा टाकला. आज ईमेल किंवा फेसबुक खात्याची अडचण वेगळी नाही. लांबवर पोचायचं तर माग मागे सोडावाच लागतो.

दुसरी गोष्ट अशी की खेड्यात त्या वेळी रेडिओ संच होते किती? फार थोडे. तरी बातमी फिरली, कारण वाट एकच नव्हती. हातानं लिहिलेली नि सायक्लोस्टाईल केलेली बुलेटिनं, भजन, बाजार, प्रवासी हे सगळे दुवे एकमेकांना जोडलेले होते. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं या भागात गावोगाव ऐकली जात होती आणि इंग्रज सरकारनं त्याच ऑगस्टमध्ये त्यांना अटक केली. म्हणून तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'इंटरनेटचा वापर' असं मोघम लिहू नका. संदेश कुठून निघाला, कोणी उचलला, कोणत्या भाषेत फिरला, अशी साखळी काढा.

मेक्सिकोतल्या झापातिस्तांचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमध्ये त्यांनी उठाव केला आणि 'इंटरनेटवरचं पहिलं बंड' अशी त्यांची ख्याती झाली. पण जंगलात इंटरनेट नव्हतंच! पत्रकं कागदावर लिहून 'ला होर्नादा'सारख्या वर्तमानपत्रांकडे जायची. ती नेटवर टाकायचे शहरातले नि परदेशातले समर्थक. म्हणजे 'अपलोड' करणारा आणि बंडखोर हे एकच असतात, असं गृहीत धरलं की पहिल्याच पायरीला घसरलात.

दुसरा प्रश्न: कोणत्या पोकळीत आलं?

सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी यांनी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून १९४२ च्या नोव्हेंबरात उपोषण सुरू केलं. सरकारनं काय करावं? उपोषणाची आणि चिमूरची बातमी छापण्यावरच बंदी घातली. परिणाम असा झाला की ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून अंकच काढला नाही. १२ जानेवारीला, ६३ दिवसांनी, उपोषण सुटलं. पुढच्याच महिन्यात सरकारनं १९४२ च्या गडबडीला काँग्रेस जबाबदार असल्याचं सांगणारी पुस्तिका काढली. म्हणजे प्रचार एकाच बाजूनं चालला नव्हता, हेही नोंदवून ठेवा.

यातून शिकायचं ते हे की भूमिगत माध्यमाचं वजन त्याच्या स्वतःच्या ताकदीवर कमी आणि उघड माध्यमं किती गप्प आहेत यावर जास्त ठरतं. ब्रिटननं हा धडा पुन्हा एकदा गिरवला. मार्गारेट थॅचर यांनी १९८५ मध्ये दहशतवाद्यांना मिळणारा 'प्रसिद्धीचा प्राणवायू' तोडायला हवा असं म्हटलं. १९८८ मध्ये शिन फेनच्या नेत्यांचा आवाज प्रसारित करायला बंदी आली. मग वाहिन्यांनी पडद्यावर नेता दाखवून त्याची वाक्यं नटाच्या आवाजात ऐकवली! १९९४ मध्ये बंदी उठली.

म्हणून पत्रक अभ्यासताना त्या आठवड्याची वर्तमानपत्रंही काढा. त्या घटनेबद्दल दुसरं काय उपलब्ध होतं ते बघा. काहीच नसेल, तर लोकांनी पत्रकावर विश्वास ठेवला असं म्हणण्याआधी त्यांच्याकडे पर्याय होता का, हे विचारा.

तिसरा प्रश्न: कोणासाठी लिहिलं?

आता गडचिरोलीकडे येऊ. तिथल्या बातम्यांत लाल कापडी बॅनर, झाडाला लावलेली पत्रकं, २८ जुलै ते ३ ऑगस्टचा 'शहीद सप्ताह', २ ते ८ डिसेंबरचा 'पीएलजीए सप्ताह' हे शब्द तुम्ही वर्षानुवर्षं वाचले असतील. दंडकारण्यात चेतना नाट्य मंच या सांस्कृतिक पथकानं गोंडी गाणी नि नाच यांतून प्रचार केला. हे सगळं गावासाठी. दुसरीकडे इंग्रजी-हिंदी निवेदनांच्या पीडीएफ आणि पत्रकारांना दिलेल्या मुलाखती. किशनजी म्हणून ओळखले जाणारे मल्लोजुला कोटेश्वर राव २००९-१० च्या सुमारास लालगड भागातून कॅमेऱ्याकडे पाठ करून, गमछा घेऊन वाहिन्यांशी बोलायचे. ते गावातल्या माणसासाठी नव्हतं, शहरातल्या प्रेक्षकासाठी होतं.

एक विसंगती बघा. नेटवर निवेदनं फिरवणाऱ्या याच संघटनेनं बस्तरमध्ये मोबाईल टॉवर जाळले. इंटरनेट हवं की नको? प्रेक्षक दोन आहेत हे लक्षात आलं की कोडं सुटतं. बाहेरच्या वाचकापर्यंत नेटनं पोचायचं आहे, पण गावातल्या माणसाच्या हातातला फोन पोलिसांना खबर देऊ शकतो, म्हणून तो नको. एकाच घटनेवरचं गावातलं पत्रक आणि बाहेरचं निवेदन शेजारी ठेवा. गावच्या पत्रकात बहुधा धाक आणि सूचना असते, बाहेरच्या निवेदनात युक्तिवाद असतो. फक्त पीडीएफ वाचून प्रबंध लिहिला, तर धाकाचा भाग तुमच्या डेटात येतच नाही. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर तुमचा नमुनाच एकांगी आहे.

'पत्रक खरं आहे का?' हे कसं तपासायचं

सप्टेंबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या केंद्रीय समितीचा प्रवक्ता 'अभय' या नावानं एक हिंदी पत्रक माध्यमांकडे आलं. त्यावर तारीख १५ ऑगस्टची होती. सशस्त्र संघर्ष तात्पुरता थांबवण्याची तयारी, सोबत फोटो, आणि उत्तर कळवायला ईमेल नि फेसबुक खातं! पत्रक खरं की बनावट यावर चर्चा सुरू झाली. काही दिवसांतच तेलंगणा समितीच्या 'जगन'च्या नावानं दुसरं पत्रक आलं: ही पक्षाची भूमिका नाही, व्यक्तिगत मत आहे. १५ ऑक्टोबरला मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. 'अभय' हे त्यांचंच टोपणनाव. किशनजींचे ते धाकटे भाऊ.

समजा, पहिलं पत्रक आलं त्याच आठवड्यात तुम्ही निष्कर्ष लिहिला असता. काय लिहिलं असतं? 'बनावट' लिहिलं असतं तरी चूक आणि 'संघटनेची भूमिका' लिहिलं असतं तरी चूक. दोन्ही पत्रकं एकत्र ठेवली की जे दिसतं ते वेगळंच आहे: संघटना आतून फुटत होती आणि ती फूट पत्रकांतून उघड्यावर आली. खाली सही कोणाची, यापेक्षा दुसऱ्या बाजूनं काय नाकारलं हे बरेचदा जास्त सांगून जातं. म्हणून एका पत्रकावर थांबू नका. जुन्या पत्रकांची भाषा, मथळा, तारीख लिहिण्याची पद्धत यांच्याशी ताडून बघा आणि उत्तराची वाट बघा.

चौथा प्रश्न: जपलं कोणी?

काँग्रेस रेडिओनं आपली भाषणं जपून ठेवली नव्हती, ते शक्यही नव्हतं. ती आज वाचता येतात कारण पोलीस ती ऐकून उतरवून घेत होते. उषा ठक्कर यांचं या रेडिओवरचं २०२१ मधलं पुस्तक अशाच पोलीस नोंदींवर उभं आहे. म्हणजे बंडखोरांचा आवाज सरकारी कागदांत टिकला. आज जप्तीचे पंचनामे आणि न्यायनिवाडे यांचंही तेच आहे. खटल्याला उपयोगी पडलं ते टिकलं. गाणी, अफवा, बाजारातली कुजबुज गेली. तुमच्या प्रबंधाच्या पद्धतीशास्त्राच्या प्रकरणात ही मर्यादा स्पष्ट लिहा. परीक्षक ती विचारणारच.

पाचवा प्रश्न: यातून कोणाला इजा होईल?

कोर्सवर्कच्या काळात एका सेमिनारमध्ये मी एका पत्रकाचा फोटो स्लाईडवर लावला. बातमीतूनच घेतला होता, त्यामुळे काही वावगं वाटलं नाही. मी भाषेबद्दल बोलत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, ते नाव झाका ना." मी वळून बघितलं. खालच्या ओळीत एका गावकऱ्याचं नाव होतं, पुढे 'खबऱ्या' असं लिहिलेलं. मी ते पत्रक चार वेळा वाचलं होतं. नाव मला दिसलं होतं, पण माणूस दिसला नव्हता.

अशा पत्रकातली ती ओळ म्हणजे धमकी असते, आणि ज्याच्या हाती पत्रक जातं तो ती पुढे नेत असतो. माझ्या स्लाईडनंही तेच केलं. तेव्हापासून माझे काही नियम आहेत. नावं, गावं, चेहरे आधी झाकायचे, मग फाईल उघडायची. मूळ मजकूर लांबलचक उद्धृत करायचा नाही, आशय आपल्या शब्दांत सांगायचा. व्हॉट्सॲपवर कोणालाच पाठवायचं नाही, गाईडलाही नाही. प्रत्यक्ष भेटून दाखवायचं. प्रत्येक कागद कुठून, कधी, कशासाठी घेतला याची वही ठेवायची. भाकप (माओवादी) २००९ पासून यूएपीएखाली बंदी असलेली संघटना आहे, त्यामुळे गाईड आणि नैतिकता समितीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. संघटनेशी थेट संपर्क तर मुळीच नको. वर्तमानपत्रांच्या फायली, न्यायनिवाडे आणि अभिलेखागारं यांत एका प्रबंधाला पुरेल एवढं साहित्य आहे.

सरावासाठी एक काम देते. जवळच्या ग्रंथालयात जा आणि ऑगस्ट १९४२ ते जानेवारी १९४३ मधल्या कोणत्याही एका वर्तमानपत्राची फाईल मागा. आष्टी हे नाव कधी येतं, कोणत्या पानावर येतं, कोणाच्या तोंडून येतं आणि किती दिवस येतच नाही, याचा एक तक्ता करा. न आलेले दिवसही मोजायचे आहेत, ते विसरू नका.

अभ्यासाला शुभेच्छा!