दुय्यम जागेवरील गुरू

महाविद्यालयात चार वर्षे बास्केटबॉल खेळून घरी परतलेला तरुण पुढे काय करतो, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना दर वर्षी पडतो. बहुधा तो नोकरीच्या मागे लागतो, बूट माळ्यावर जातात आणि कमावलेली विद्या त्याच्याबरोबरच विरून जाते. शाळेत मुख्य क्रीडाशिक्षकाची जागा एकच असते व ती क्वचितच रिकामी होते. त्याच्या हाताखाली काम करणे मात्र पुष्कळांना कमीपणाचे वाटते. या शेवटच्या समजुतीविषयी थोडे लिहावयाचे आहे.

बास्केटबॉल हा मुळातच शिक्षकाने काढलेला खेळ होय. 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो हिवाळ्यात मुलांना बंद जागेत खेळता यावा म्हणून रचला. आपल्याकडेही तो शिकविणाऱ्यांमुळेच रुजला. मद्रासला 1920 साली हॅरी बक यांनी वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. मुंबईत 1927 साली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्याच्या गरीब वस्तीत नेबरहुड हाऊस उभारले. त्याच नागपाड्याच्या मैदानांवर वाढलेले अब्बास मुंतसिर पुढे भारताचे कर्णधार झाले व 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

साहाय्यक प्रशिक्षक करतो तरी काय? सामन्यात कोणाला खेळवावयाचे, हे मुख्य प्रशिक्षक ठरवितो. ते ठरविण्याजोगे खेळाडू तयार करणे हे पुष्कळसे साहाय्यकाचे काम. तो प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहून टिपणे काढतो, एकेका मुलाचा हात व पाय दुरुस्त करतो, आणि सामना संपला की कोणती चूक कोठे झाली ते सांगतो. कधी कधी मुख्य प्रशिक्षकाचीही चूक सांगावी लागते. हे शेवटचे काम सर्वांत अवघड, हे कोणत्याही शाळेतील दुय्यम शिक्षक जाणतो!

या पेशाचा ज्यास आदर्श म्हणावा असा मनुष्य म्हणजे फ्रेड ऊर्फ टेक्स विंटर. यांचा जन्म 1922 चा. प्रथम ऑरेगनमध्ये व महायुद्धातील नौदलाच्या नोकरीनंतर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ते महाविद्यालयीन खेळाडू होते. तेथे सॅम बॅरी या गुरूकडून त्यांनी त्रिकोणी चढाईची पद्धत उचलली. 1947 साली ते कॅन्सस स्टेट येथे साहाय्यक झाले. पुढे तेथेच मुख्य प्रशिक्षक म्हणून 1953 पासून 15 वर्षे नाव कमाविले, 1962 साली आपल्या पद्धतीवर ग्रंथही लिहिला. परंतु ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाचे मुख्यपद त्यांना दोन हंगामही पुरते लाभले नाही.

ही पद्धत समजण्यास सोपी, अंगी मुरण्यास कठीण. पाचांपैकी तिघे मैदानाच्या एका बाजूस त्रिकोण करून उभे राहतात, उरलेले दोघे दुसऱ्या बाजूस. प्रत्येकात सुमारे 15 ते 18 फूट अंतर. आधी घोकलेली चाल नसते. समोरचा रक्षक कोठे सरकला हे पाहून चेंडू द्यावयाचा, म्हणजे पाचही जणांना विचार करावा लागतो. एकट्या हुशार मुलाने चेंडू कवटाळून बसण्याची सोय तीत नाही.

1985 साली, वयाच्या 63 व्या वर्षी, विंटर शिकागो बुल्स संघात साहाय्यक म्हणून आले. मायकेल जॉर्डनसारखा खेळाडू असूनही त्या संघास विजेतेपद मिळत नव्हते. विंटर यांची पद्धतही काही वर्षे अडगळीतच पडली होती. 1989 साली फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी ती स्वीकारली. मग 1991 ते 1998 या काळात शिकागोने सहा विजेतेपदे मिळविली. जॉर्डनलाही चूक तोंडावर सांगण्यास हा म्हातारा कचरत नसे, आणि छातीसमोरून चेंडू फेकण्यासारखा शाळकरी धडा तो जगज्जेत्यांकडून गिरवून घेई. 2000 पासून लॉस एंजेलिसच्या संघाने ओळीने तीन विजेतेपदे पटकाविली, तेव्हाही विंटर जॅक्सन यांच्या शेजारीच होते. वर्तमानपत्रांतील छायाचित्रे अर्थात जॉर्डन व जॅक्सन यांची.

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या बागाईतदारास हे नवल वाटू नये. बाजारात नाव संत्र्याचे होते, जमिनीत मात्र जंबेरीचा खुंट असतो.

विंटर यांना 2011 साली अमेरिकेच्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. 2018 साली, वयाच्या 96 व्या वर्षी, ते वारले.

आमच्या भागातील पदवीधर खेळाडूस ही वाट धरावयाची असेल, तर दोन ठिकाणे ध्यानात ठेवावीत. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका मिळते. ती संस्था 1961 साली निघाली. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था आहे, 1957 ची, आणि ती आमच्याच राज्यात आहे.