डोंगर उशाशी, तरी...

बँकेतल्या नोकरीची सारी वर्षं माजिवडा नाक्यावर बसची वाट बघण्यात गेली. समोर येऊरचा डोंगर होता. त्याच्याकडे निवांत बघणं झालं ते निवृत्तीनंतर.

परवा नातीसह त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, बोरिवलीकडून कान्हेरीला गेलो. काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी. पहिली खोदली गेली त्याला दोन हजार वर्षं झाली. नातीला मूर्तींपेक्षा नवल वाटलं ते लेण्यांबाहेरच्या टाक्यांचं. कातळात कोरलेल्या पन्हळींतून भिक्षूंनी पावसाचं पाणी त्यांत साठवलं होतं.

"म्हणजे पाण्याची मुदत ठेवच की, आजोबा!"

मी आयुष्यभर लोकांच्या ठेवी सांभाळल्या. ही दारची ठेव पाहायला मात्र सत्तरी जवळ आली. पायऱ्यांवर गुडघे कुरकुरले. मंडळी, तुमचे शाबूत असतील तर पुढचा रविवार दवडू नका.