खंडेनवमी आणि फिरत्या कारागिराची पेटी

आश्विन शुद्ध नवमीला महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणतात. खंडा म्हणजे सरळ, रुंद पात्याची दुधारी तलवार. राजेरजवाड्यांच्या शस्त्रागारांत या दिवशी शस्त्रांना गंधाक्षता वाहिल्या जात. संस्थाने १९४८ नंतर विलीन झाली, तलवारी भिंतींवर गेल्या. परंतु पूजा मात्र लोपली नाही. ती शेतकऱ्याच्या नांगराकडे, सुताराच्या रंध्याकडे, शिंप्याच्या यंत्राकडे सुखरूप राहिली, किंबहुना ती तेथे पूर्वीपासूनच होती. या पूजेत हत्याराला मान मिळतो, त्याच्या धन्याला मान मिळतो. ते हत्यार ज्या पेटीतून गावोगाव जाते तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आज तिच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात आहे.

वस्तुतः दसऱ्याच्या मूळ कथेतच या विषयाचे बीज आहे. अज्ञातवासापूर्वी पांडवांनी आपली आयुधे शमीच्या झाडावर ठेवली, हे मुलांनाही ठाऊक असते. लोककथेत शमीची ‘ढोली’ येते. परंतु महाभारताच्या विराटपर्वात वर्णन निराळे आहे. तेथे नकुल झाडावर चढतो, बळकट वाटतील अशा जागा निवडतो, तिरपा पाऊसही जेथे पोहोचणार नाही असे ठिकाण पाहतो आणि पक्क्या दोरांनी शस्त्रे घट्ट आवळून बांधतो. जवळच एक प्रेतही टांगून ठेवतो, म्हणजे दुर्गंधीने कोणी फिरकू नये. आणि वाटेत भेटणाऱ्या गुराख्यांना सांगण्यात येते की, ही आमची एकशेऐंशी वर्षांची माता, कुलाचाराप्रमाणे येथे ठेवली आहे. पुढे उत्तराने ती आयुधे खाली उतरवली तेव्हा ती लखलखीत होती. आधार भक्कम, पाण्यापासून बचाव, आतील वस्तू हलू नये अशी बांधणी आणि परक्या हातांपासून संरक्षण. व्यासांनी चार ओळींत जे सांगितले त्याहून अधिक काही पेटी विकणारा दुकानदार सांगू शकेल, असे आम्हांस वाटत नाही. फरक इतकाच की, पांडवांची आयुधे एका जागी स्वस्थ होती. ज्याला आज येथे तर उद्या तेथे जायचे, त्याचा प्रश्न अधिक अवघड आहे.

हा प्रश्न विटे गावाला जितका जवळचा, तितका अन्य कोणत्या गावाला क्वचितच असेल. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. भोवतालचा मुलूख पावसाच्या छायेतला. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी येथील वृद्ध अजून सांगतात. पोटासाठी बाहेर पडलेल्या येथील माणसांनी सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा गलाई व्यवसाय हाती धरला आणि केरळ-तामिळनाडूपासून पंजाब-बंगालपर्यंत सराफ पेठांतून आपल्या भट्ट्या पेटवल्या. गावोगावी यात्रेला, दसऱ्या-दिवाळीला ही मंडळी घरी येतात. विट्यात दसऱ्याला श्रीरेवणसिद्धाच्या दोन पालख्यांची शर्यत लागते, एक मूळस्थानाची आणि एक विट्याची. देवाची पालखी खांद्यावर घेऊन धावणारी ती माणसे पाहिली म्हणजे सण घरात बसून साजरा करण्याचा या मातीचा स्वभावच नव्हे, हे ध्यानात येते.

गलाईवाल्याची हत्यारे हा आमच्यासारख्या संस्कृताच्या अभ्यासकाला मोठा आनंदाचा विषय. त्याची मूस ही संस्कृत ‘मूषा’, भाता म्हणजे ‘भस्त्रा’, सांडशी म्हणजे ‘संदंश’ आणि कसोटी म्हणजे ‘कषपट्टिका’. घासणे, कापणे, तापवणे आणि ठोकणे या सोन्याच्या चार परीक्षा आमचे पूर्वज सांगत आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या कार्यशाळेचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात भाता चालवणारे येतात, तसेच धूळ धुऊन सोने काढणारे पांसुधावकही येतात. आपल्याकडे त्यांनाच झारेकरी म्हणतात. या सर्वांची वस्त्रे, हात आणि गुह्य स्थाने आत येताना व बाहेर जाताना तपासावीत, आणि त्यांची सर्व उपकरणे व अपुरी कामे तेथेच राहावीत, असा कौटिल्याचा कडक नियम. पुढल्या प्रकरणात सोने लांबवण्याच्या वाटा सांगताना तो मुशीचे आणि सांडशीचेही नाव घेतो. म्हणजे कौटिल्याच्या कारागिराला पेटीची गरजच नव्हती. आमच्या विटेकर कारागिराची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याची कार्यशाळाच पेटीत बसून प्रवास करते आणि परक्या मुलखात त्याची पत काय ती त्या पेटीतून निघणाऱ्या काट्याच्या खरेपणावर उभी राहते. काटा वाटेत आपटून बिघडला, तर पहिल्याच गिऱ्हाइकाशी वाद. आणि परगावी पहिल्या गिऱ्हाइकाशी झालेला वाद पेठेत संध्याकाळपर्यंत फिरतो.

कीर्तनसेवेच्या निमित्ताने एका नवरात्रात आमचा मुक्काम विट्यातील अशाच एका घरी होता. घरातील आजोबा चाळीस वर्षे दक्षिणेत राहून परतलेले. नातू दसऱ्यानंतर कोइमतूरला जाऊन नवी भट्टी लावणार होता. सोप्यावर आजोबांची जुनी सागवानी पेटी, लोखंडी पट्ट्या मारलेली, पूजेसाठी पुसून ठेवलेली होती. ती रिकामीच दोघांनी उचलावी लागे. आजोबा म्हणाले, “बुवा, ह्या पेटीनं माझा संसार उभा केला. आता ह्याला ती नको झाली. ह्याला चाकं पाहिजेत!” नातू नम्र, परंतु ठाम होता. तो म्हणाला, “आबा, तुमच्या वेळी स्टेशनावर हमाल मिळायचा. आता पूल चढायचा, फलाट बदलायचा, सगळं माझं मलाच. आणि तुमचा खांदा कशानं गेला, ते आईनं मला सांगितलंय.” आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, हे आम्ही जेवताना पाहिले होते.

आमच्या मते नातवाचे म्हणणे चाकांपुरते खरे होते आणि आजोबांचे म्हणणे पेटीच्या अंगापुरते.

सामानाला चाके लावण्याची कल्पना साऱ्या जगातच उशिरा आली. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी गृहस्थाला चाकांच्या बॅगेचे पेटंट १९७२ साली मिळाले, आणि उभी धरून ओढायची, लांब दांडीची बॅग रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने १९८७ मध्ये काढली. माणूस चंद्रावर आधी गेला आणि त्याच्या बॅगेला चाके नंतर लागली! परंतु ती चाके विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी होती. विट्याला रेल्वे नाही. कराड, किर्लोस्करवाडी किंवा मिरज गाठावे लागते. एसटी स्थानकातील खडी, गल्लीतील गटाराची फट, फलाटाची कड आणि पुलाच्या पायऱ्या हे त्या पेटीचे खरे परीक्षक.

चाक कसे तुटते याचे उत्तम वर्णन चरकसंहितेच्या विमानस्थानात सापडते, हे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. मनुष्याचे आयुष्य अकाली का संपते, हे समजावताना आचार्य गाडीच्या आसाचा दृष्टान्त देतात. चांगला आस योग्य रीतीने वापरला तर आपल्या काळाने झिजून संपतो. परंतु फार ओझ्याने, खडबडीत वाटेने, वाट सोडून गेल्याने, चाक मोडल्याने, बैलाच्या वा हाकणाऱ्याच्या दोषाने, कुणी निसटल्याने, वंगण नसल्याने आणि गाडी उलटल्याने तो मध्येच मोडतो. आयुर्वेदाचे हे सूत्र आम्ही अनेकदा कीर्तनाच्या पूर्वरंगात लावले. त्या रात्री ते आम्ही सोप्यावर, पेटीच्या संदर्भात लावले. आजोबांना ते आमच्या कीर्तनाहून अधिक आवडले, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पेटी पाहण्याआधी हत्यारे तोलावीत, हा पहिला नियम. लोक नेमके उलट करतात. रेल्वेत शयनयान वर्गात माणशी ४० किलो आणि द्वितीय वर्गात ३५ किलो सामान विनाशुल्क नेता येते, आणि डब्यात सोबत ठेवायच्या पेटीचे माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर ठरलेले आहे. वातानुकूलित तिसऱ्या वर्गात ते याहून बरेच लहान आहे. बाविस गेजी पत्र्याची मध्यम पेटी सांगाड्यासह रिकामीच दहा-बारा किलोंची होते. उरलेल्या भारातच सर्व संसार बसवायचा आहे. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हेही ध्यानात असावे. चोविसाचा पत्रा अर्धा मिलिमीटरच्या थोडा वर भरतो आणि पहिल्याच धक्क्याला पोचतो.

चाके मोठी असावीत. लहान चाक फटीत अडकते, मोठे तिच्यावरून जाते. त्यात गूढ काही नाही. टणक प्लास्टिकचे चाक खडखडते आणि तडकते, त्यावर रबराची धाव हवी. दोन्ही चाकांतून आरपार गेलेला लोखंडी आस असावा आणि चाक कुणी काढून बदलता यावे. जुन्या पेटीच्या बुडाला चार लहान फिरती चाके स्क्रूने ठोकण्याची युक्ती पुष्कळ जण करतात. दुकानाच्या फरशीवर ती चालते. मुरमावर भरली पेटी ओढली की स्क्रू लाकडातून उपटून येतात. मागे दोन पक्की चाके आणि पुढे दोन पाय, ही रचना अधिक शहाणपणाची.

आत-बाहेर सरकणारी दांडी हा अशा पेटीचा सर्वांत दुबळा अवयव. दुकानात दांडी पूर्ण बाहेर काढून आडवी हलवून पाहावी. ती डुलली तर पुढे जावे. शिवाय दोन्ही अंगांना लोखंडी कड्या पाहिजेतच, कारण पायऱ्यांवर चाके निरुपयोगी असतात. झाकणाला दोन सुट्या बिजागऱ्यांऐवजी एकच सलग बिजागरी आणि कडी-कोयंडा धातूचा. हल्ली साच्यातील प्लास्टिकच्या, एकावर एक बसणाऱ्या पेट्या मिळतात. काहींवर ‘आयपी ६५’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ धूळ आत शिरत नाही आणि पाण्याचा फवाराही लागत नाही. त्या हलक्या असतात आणि मागवाल्याच्या पाने-पक्कडींना किंवा मंडपातील विजेच्या कारागिराला सोयीच्याही. परंतु त्यांची कडी तुटली तर तशीच कडी तालुक्याच्या गावी मिळत नाही, आणि भट्टीजवळ प्लास्टिक ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पाण्याचा प्रश्न गलाईवाल्याला विशेष. ग्रॅफाइटची मूस ओल शोषते आणि ओली मूस तापवली की तडकते. नकुलाने तिरप्या पावसाचा विचार केला तो उगाच नव्हे. म्हणून झाकणाच्या कडेला रबराची पट्टी हवी, बुडाला चार बोटे उंची हवी. जड ऐरण-हातोडी तळाशी, चाकांच्या बाजूला. मुशी कापडात गुंडाळून मध्ये. काटा स्वतंत्र लाकडी डबीत, भोवती स्पंज. आजचे इलेक्ट्रॉनिक काटे तर जुन्या तराजूहून नाजूक आहेत. आणि तेजाब या पेटीत मुळीच नको. रेल्वेत ते सोबत नेणे कायद्याने बंद आहे. शिवाय त्याची वाफ बंद पेटीत लोखंडाचे काय करते, हे कोणत्याही जुन्या कारागिराने पाहिलेले असते. ते जेथे काम तेथेच, परवानाधारकाकडून घ्यावे.

आमच्या कीर्तनकारांच्या व्यवहारात ‘पेटी’ म्हणजे बाजाची पेटी, संवादिनी. तिचे सूरही असेच धक्क्याने बिघडतात. त्यामुळे या विषयात आम्ही अगदीच परके नाही.

त्या घरातील वादाचा निकाल शेवटी गावातल्याच पत्राकाम करणाऱ्या कारागिराकडे लागला. बाविस गेजी पत्रा, आत कोनपट्टीचा सांगाडा, आरपार आस, सहा इंची चाके, असे सांगून नातवाने पेटी बनवून घेतली. जुन्या सागवानी पेटीच्या आत काटा-कसोटीसाठी एक छोटा खण होता. तो आजोबांनी स्वतः सोडवला आणि नव्या पेटीत बसवून दिला. खणाच्या कोपऱ्यात गुंजांची एक पुरचुंडी निघाली, तीही तशीच राहू दिली.

खंडेनवमीच्या पूजेविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हत्यारांवर पाणी शिंपडून, हळदकुंकू वाहून ती तशीच पेटीत बंद केली तर दिवाळीपर्यंत गंज धरतो. आधी तेलाचा हात फिरवावा, मग गंध; आणि दशमीला सर्व कोरडे पुसून ठेवावे. काट्याच्या पारड्यात कुंकू वाहू नये, चिमूटभर कुंकवालाही वजन असते. ते झाकणावर वाहावे. चाकांची पेटी पाटावर ठेवण्याच्या भरीस न पडता चाकांना अडण लावून जमिनीवरच रांगोळीत ठेवावी. आणि सीमोल्लंघनाला सारे गाव बाहेर पडण्यापूर्वी भरली पेटी अंगणातून रस्त्यापर्यंत एकदा ओढून आणावी. कुरकुर ऐकू आली तर आसाला वंगण आजच द्यावे, कारण द्वादशीच्या गाडीला त्यासाठी वेळ मिळत नाही.