ईदचा बकरा आणि चाळीस दिवसांची कोंबडी

ईद-उल-अज़हा जवळ आली की चिकलठाण्यात घरोघरी एकच विषय निघतो: यंदा बकरा एवढा महाग कसा? कोंबडी तर बारा महिने परवडते. आपण व्यापाऱ्याला बोल लावून मोकळे होतो. पण खरा फरक दिवसांच्या हिशेबात आहे.

कोंबडीचे अंडे 21 दिवसांत उबते. ब्रॉयलरचे पिल्लू साधारण 40 दिवसांत दोन किलोचे होते. श्रावणात मागणी घटते, हे ओळखून कंपनी दोन महिने आधीच पिल्ले कमी करते. करारात पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची. त्याला किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो. बाजार पडला तरी तो बराचसा सुरक्षित असतो. पण भाव चढला तर नफा कंपनीचा. पुढची पिल्ले कधी द्यायची, हेही तीच ठरवते.

बकऱ्याला ही घाई चालत नाही. कुर्बानीसाठी त्याला हिजरी वर्ष पूर्ण झालेले हवे. म्हणजे या ईदचा बकरा गेल्या ईदपर्यंत जन्मलेला हवा आणि शेळी त्याआधी पाच महिने गाभण हवी. ऐनवेळी मागणी वाढली म्हणून बकरे वाढत नाहीत.

त्यात ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2017 मध्ये ती 2 सप्टेंबरला, पावसाळ्यात होती. 2025 मध्ये 7 जूनला आली. पुढची काही वर्षे ती भर उन्हाळ्यात येईल. मराठवाड्यात तेव्हा चारा-पाण्याची सर्वांत जास्त ओढ असते. दोन-चार उस्मानाबादी शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला चाऱ्याअभावी बकरा आधीच विकावा लागतो. शेवटचे तीन महिने पोसण्याची ऐपत ज्याची, ईदचा भाव त्याचा.

आपल्याला एक करता येईल. दिवाळीनंतर, रानात चारा असतानाच, ओळखीच्या पाळणाऱ्याकडून बकरा घ्यावा. वय विचारून खात्री करावी, किंमत चुकती करावी. ईदपर्यंत तो त्यांच्याकडेच ठेवून चाऱ्याचे आणि सांभाळण्याचे पैसे दरमहा द्यावेत. बकरा दगावला तर नुकसान कोणाचे, तेही आधीच ठरवून लिहून ठेवावे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहमध्येच आहे.

यात बकरा स्वस्तच पडेल असे नाही. पण खर्च एकदम अंगावर येत नाही आणि पाळणाऱ्या घरात उन्हाळ्याच्या चारही महिने पैसा येतो. कुर्बानीची बरकत तिथेही पोहोचायला हवी.